दात दुखत नाही, तरी आतून विरघळतोय हे कळतं कसं?

ब्रेसेस लावायच्या असतात किंवा अक्कलदाढ बघायची असते, म्हणून ओपीजी काढला जातो. दोन्ही जबडे एका लांब पट्टीत दाखवणारा एक्स-रे तो ओपीजी. स्क्रीनवर तो लागतो आणि डॉक्टर भलत्याच दातावर बोट ठेवतात. "अक्कलदाढेचं नंतर बघू. हा वरचा पुढचा दात आतून विरघळतोय असं वाटतंय. एक छोटा सीबीसीटी करून घ्या." सीबीसीटी म्हणजे दाताचा थ्रीडी स्कॅन.

पेशंट आरशात बघतो. दात पांढरा, घट्ट, कधी ठणकलासुद्धा नाही. चेहऱ्यावर आधी अविश्वास येतो आणि मग खर्चाचा हिशेब. आम्हा दातांच्या डॉक्टरांना हे दोन्ही भाव पाठ आहेत, आणि दोन्ही रास्त आहेत. न दुखणाऱ्या दातासाठी एकावर एक फोटो का काढायचे हे विचारण्याचा हक्क पेशंटला आहेच. उत्तर द्यायचं तर सुरुवात जरा लांबून करावी लागेल.

दुधाच्या दाताचं मूळ जातं कुठे?

घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर पडलेला दुधाचा दात एकदा हातात घेऊन बघा. वरचा पांढरा भाग असतो, खाली मूळ जवळजवळ नसतंच. ते तुटून हिरडीत राहिलेलं नसतं. शरीरानं ते हळूहळू विरघळवून शोषून घेतलेलं असतं, म्हणून तर दात एवढ्या सहज हातात येतो.

शरीराच्याच पेशींनी हाड किंवा दात असा विरघळवणं म्हणजे रिसॉर्प्शन. हाडांमध्ये हे काम जन्मभर चालू असतं. जुनं हाड काढायचं, नवं घालायचं. दुधाच्या दातांच्या बाबतीत ते वेळापत्रकानुसार होतं. पक्क्या दाताच्या बाबतीत मात्र ते व्हायला नको असतं, कारण तिथे गेलेलं मूळ परत येत नाही.

मग एरवी पक्का दात वाचतो कसा? दाताच्या मधोमध एक पोकळी असते. तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. दवाखान्यात सगळे त्याला 'नस' म्हणतात, मीही तेच म्हणेन. नसेभोवती दाताचा मुख्य कठीण भाग असतो, डेंटिन. या दोघांच्या सीमेवर डेंटिन तयार करणाऱ्या पेशींची एक रांग आणि अजून कठीण न झालेल्या कच्च्या डेंटिनचा पातळ थर असतो. दात विरघळवणाऱ्या पेशींना चिकटायला खनिज भरलेला कठीण पृष्ठभाग लागतो. कच्च्या थरावर त्यांची पकड बसत नाही. दात सुरक्षित राहतो तो एवढ्याशा थराच्या जोरावर.

तो थर फाटला की वाट मोकळी. क्रिकेटचा चेंडू तोंडावर बसतो, बाइकवरून पडताना पुढचे दात आपटतात, कीड खोल जाते, दवाखान्यात दात कोरताना पाण्याशिवाय मशीन चालवून तो तापवला जातो, कारणं अशी. काही वेळा कारण सापडतच नाही. नसेला सूज येते, थर जातो आणि पेशी आतल्या भिंतीवर बसून ती खायला लागतात. हे इंटर्नल रिसॉर्प्शन.

मग दुखत का नाही?

सूज जुनाट आणि मंद असते, म्हणून. आतमध्ये दाब एकदम वाढत नाही, त्यामुळे ठणकाही लागत नाही. त्यातून या दाताची अवस्था बहुतेक वेळा विचित्र असते. नसेचा वरचा, म्हणजे दिसणाऱ्या दाताकडचा भाग मेलेला आणि जंतूंनी भरलेला, खालचा, म्हणजे मुळाच्या टोकाकडचा भाग जिवंत. वरची घाण सूज पेटती ठेवते आणि खालचा जिवंत भाग विरघळवणाऱ्या पेशींना रक्त पुरवतो. दोन्ही असेपर्यंतच हा उद्योग चालतो.

म्हणूनच बर्फ लावून नस तपासली तर उत्तर कसंही येऊ शकतं. "गार लागतंय" म्हटलं म्हणून दात धोक्याबाहेर असं नाही आणि "काही लागत नाही" म्हटलं म्हणून हाच आजार आहे असंही नाही.

पूर्ण नस मेली तर पेशींचं रेशन तुटतं आणि विरघळणं आपोआप थांबतं. पण तोवर जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरलेले असतात. पेशंट पहिल्यांदा दुखतं म्हणून येतो तो या टप्प्यावर. किंवा आतल्या भिंतीला भोक पडून ते बाहेरच्या हाडात उघडलं, की मग. "दुखेल तेव्हा बघू" हे धोरण या आजारात महाग पडतं ते यामुळे. काही दातांमध्ये तात्पुरतं थोडं विरघळून प्रकरण थांबतंही, पण समोरच्या दातात ते थांबणारं आहे की वाढणारं, हे एका फोटोवरून सांगता येत नाही.

गुलाबी दात

बाहेरून दिसणारी एक खूण आहे, पण ती मोजक्याच दातांत दिसते. विरघळण्याची जागा वरच्या भागात, हिरडीच्या बाहेर असेल तर आतला लालसर मांसल भाग पातळ झालेल्या दातातून झळकतो आणि दातावर गुलाबी डाग दिसतो. इंग्लंडमधले दंतवैद्य ममरी यांनी १९२० साली याचं वर्णन केलं, आणि अजूनही दंतवैद्यकाची मुलं परीक्षेत 'ममरीचा गुलाबी दात' लिहितात.

अनेक वर्षं गुलाबी दात म्हणजे आतला आजार असं समीकरण होतं. ते पक्कं नाही. हिरडीच्या कडेजवळ बाहेरून सुरू होणारं रिसॉर्प्शनही अगदी असाच डाग दाखवतं. डाग दिसला तर तपास सुरू करावा, निदान त्यावरून करू नये.

आजाराची ओळख मात्र बरीच जुनी आहे. लंडनचे दंतवैद्य थॉमस बेल यांनी १८३० साली अशा दाताची नोंद केली. (हेच बेल पुढे डार्विननं प्रवासातून आणलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचं वर्णन लिहिणारे.) तेव्हा एक्स-रे नव्हते, ते सापडले १८९५ साली. त्यामुळे बेलच्या काळात हा आजार कळायचा तो दात उपटून फोडल्यावर. दाताचा पहिला एक्स-रे जर्मनीत ओटो वॉल्कहॉफ यांनी १८९६ च्या जानेवारीत काढला, स्वतःच्याच तोंडाचा. त्यासाठी त्यांना २५ मिनिटं स्थिर बसावं लागलं होतं. आज तेच काम सेकंदाच्या अंशात होतं.

आतून की बाहेरून, यावर सगळं ठरतं

रिसॉर्प्शन दाताच्या बाहेरूनही होतं. मुळाभोवतीच्या हाडाच्या बाजूनं पेशी येतात आणि मूळ बाहेरून खातात. हा प्रकार आतल्यापेक्षा जास्त आढळतो. ब्रेसेसनंतर मुळांची टोकं थोडी आखूड होतात, तेही बाहेरचंच. त्याचा या लेखातल्या आजाराशी संबंध नाही, तरी इंटरनेटवर दोन्हींची खिचडी झालेली दिसते.

आतून असेल तर पेशींना रक्त मिळतं नसेकडून. रूट कॅनॉल करून नस पूर्ण काढली की रक्त बंद, आजार बंद. इतकं सरळ गणित दातांच्या आजारात क्वचितच मिळतं.

बाहेरून असेल तर रक्त मिळतं मुळाबाहेरच्या भागातून. तिथे नुसतं रूट कॅनॉल केलं तर एक चांगली जिवंत नस जाते आणि बाहेरचं खाणं चालूच राहतं. अपवाद आहेत, मार लागून नस सडली आणि त्या सडक्या नसेमुळे मूळ बाहेरून खाल्लं जातंय, अशा ठिकाणी रूट कॅनॉलच लागतं. पण हिरडीच्या कडेला बाहेरून शिरणाऱ्या प्रकारात हिरडी उघडून ती जागा बाहेरून साफ करून बुजवावी लागते. नस तेव्हाच काढायची जेव्हा खड्डा तिच्यापर्यंत पोचलेला असतो.

दोन्ही आजार एक्स-रेवर काळा डागच दाखवतात. डॉक्टर फोटोवर फोटो काढत असतील तर ते डाग आहे का हे बघायला नव्हे. तो कुठे आहे हे बघायला.

साध्या एक्स-रेत नेमकं काय बघतात?

ओपीजीवर निदान ठरत नाही. पुढच्या दातांवर त्यात पाठीच्या कण्याची सावली पडते आणि बारकावे पुसट होतात. म्हणून पहिली पायरी एका दाताचा छोटा एक्स-रे. तोंडात सेन्सर ठेवून काढतात, दवाखान्यात त्याला आरव्हीजी म्हणतात.

त्यात निरोगी पुढच्या दाताचं मूळ राखाडी दिसतं आणि मधून नसेच्या नळीची एक काळी रेघ खाली निमुळती होत जाते. आता आजारी दात. वरून खाली येणारी रेघ मध्येच फुगते, दोन्ही बाजूंना सारखी, गुळगुळीत कडेची, आणि पुन्हा बारीक होऊन खाली जाते. फुगवट्याच्या आत नळीच्या भिंती दिसत नाहीत, कारण त्या उरलेल्याच नसतात. नळीच रुंद झालेली असते. काळेपणा सगळीकडे एकसारखा. हे चित्र आतल्या आजाराचं.

बाहेरच्या आजारात डागाच्या कडा बऱ्याचदा खडबडीत असतात, डाग एका बाजूला कललेला, काळेपणा कुठे गडद कुठे फिका. आणि सगळ्यात उपयोगी खूण अशी की त्या डागातून नळीच्या दोन बारीक पांढऱ्या रेषा सरळ जाताना दिसतात. म्हणजे नळी शाबूत आहे, डाग तिच्या पुढे किंवा मागे आहे. हिरडीकडून शिरणाऱ्या प्रकारात नसेलगतचा तो कच्चा थर बराच काळ टिकून राहतो, आजार नळीला वळसा घालून पसरतो, म्हणून या रेषा दिसतात. मला स्वतःला फोटोत आधी या रेषा शोधायची सवय आहे.

हे निकष अमेरिकेतल्या गार्टनर आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडले आणि अजून शिकवले जातात. पण ते आदर्श फोटोचे निकष आहेत. प्रत्यक्षात आतला डागही एका अंगाला वाढतो, बाहेरचा डागही कधी छान गोल दिसतो. आतल्याच आजाराच्या एका उपप्रकारात विरघळलेल्या जागी हाडासारखा पदार्थ भरत जातो आणि फोटोत काळ्याऐवजी ढगाळ पांढुरकं काहीतरी दिसतं. अशा वेळी दोन अनुभवी डॉक्टरांची दोन मतं पडतात, आणि त्यात कुणाचाच दोष नसतो.

मशीनची नळी थोडी सरकवली की

दोष एक्स-रेच्या स्वभावात आहे. दाताला लांबी, रुंदी आणि ओठाकडून टाळूकडे जाणारी जाडी असते. एक्स-रे ही सावली. तिच्यात जाडी नाहीशी होते. ओठाच्या बाजूचा खड्डा, मधली नळी आणि टाळूकडचा खड्डा एकाच कागदावर एकमेकांवर छापले जातात.

यावर शंभराहून जास्त वर्षं वापरात असलेली एक युक्ती आहे. एक फोटो समोरून काढायचा, दुसरा मशीनची नळी थोडी बाजूला सरकवून. कर्जतहून पुण्याकडे जाताना गाडीच्या खिडकीतून बघा. रुळालगतचा खांब मागे पळतो, लांबचा डोंगर मात्र आपल्याबरोबर पुढे येतोय असं वाटतं. इथेही तसंच. मशीनच्या जवळची, म्हणजे ओठाकडची वस्तू मशीनची नळी सरकवली त्याच्या उलट दिशेला सरकते आणि टाळूकडची वस्तू मशीनच्या नळीच्याच दिशेनं सरकते. डाग नसेच्या नळीच्या आत असेल तर दोन्ही फोटोंत तो नळीला धरूनच राहतो. नळीवरून बाजूला सरकला, तर तो बाहेरचा. आणि कुठल्या दिशेला सरकला त्यावरून ओठाकडचा की टाळूकडचा तेही कळतं.

या युक्तीला जादा मशीन लागत नाही आणि खर्च जवळजवळ शून्य. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यातही ती होते. सीबीसीटीची चिठ्ठी लिहिण्याआधी कोन बदलून दुसरा फोटो काढला नसेल, तर तो का नाही हे पेशंटनं जरूर विचारावं असं माझं मत आहे. आमच्या व्यवसायातल्या काहींना ते आवडणार नाही.

हे झालं, मग सीबीसीटी कशाला?

डाग आतला आहे हे कळलं तरी तीन गोष्टी सावलीत कळत नाहीत. खड्डा ओठाकडे आणि टाळूकडे किती खोल गेलाय. भिंत किती उरलीय. आणि भिंतीला भोक पडलंय का. भोक डाव्या-उजव्या बाजूला असेल तर फोटोत दिसण्याची शक्यता असते. ओठाकडे किंवा टाळूकडे असेल तर ते सावलीत लपतं, आणि कळतं ते रूट कॅनॉल करताना, अचानक रक्त आल्यावर.

सीबीसीटी म्हणजे कोन बीम सीटी. पेशंट बसलेला किंवा उभा असतो. एक्स-रेचा स्रोत आणि समोरचा सेन्सर डोक्याभोवती साधारण १० ते २० सेकंद फिरतात आणि शेकडो कोनांतून फोटो घेतात. संगणक त्यातून चिमुकल्या घनांनी बनलेला एक ठोकळा रचतो. दातांच्या बारीक कामासाठीच्या स्कॅनमध्ये एका घनाची बाजू ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते. हे तंत्र १९९० च्या दशकाच्या शेवटी इटली आणि जपानमध्ये दातांसाठी आलं.

स्क्रीनवर तीन खिडक्या उघडतात: समोरून काप, बाजूनं काप, आणि वरून आडवा काप. आपल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आडव्या कापात मिळतं. माउसचं चाक फिरवत मुळाच्या वरून खाली यायचं. सुरुवातीला राखाडी गोल आणि त्यात मधोमध नळीचा बारीक काळा ठिपका. मग ठिपका मोठा होत जातो, भोवतीची कड पातळ होते. कड चहूबाजूंनी सलग असेल तर भोक नाही. एका जागी ती तुटून काळा भाग बाहेरच्या भागाला मिळाला तर भोक आहे, आणि कुठल्या बाजूला तेही तिथेच दिसतं. बाहेरचा आजार असेल तर गोलाचा तुकडा बाहेरून खाल्लेला दिसतो, शिरायची जागा सापडते आणि मधला ठिपका बऱ्याचदा जिथल्या तिथे असतो.

लंडनमधल्या शॅनन पटेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दोन्ही पद्धती पेशंटवर ताडून बघितल्या, तेव्हा रिसॉर्प्शन ओळखण्यात सीबीसीटी साध्या एक्स-रेपेक्षा स्पष्टपणे सरस ठरला. अभ्यास लहान होता, पण दिशा नंतर बदलली नाही. अमेरिकेतल्या रूट कॅनॉल तज्ज्ञांच्या आणि दंत-रेडिओलॉजिस्टच्या संघटनांनी मिळून काढलेल्या निवेदनात आतलं आणि बाहेरचं रिसॉर्प्शन वेगळं ओळखायला, त्याची जागा ठरवायला आणि उपचार निवडायला छोट्या क्षेत्राचा सीबीसीटी ही पसंतीची तपासणी सांगितली आहे.

यातला 'छोट्या क्षेत्राचा' हा भाग विसरू नका. एका दाताच्या प्रश्नासाठी साधारण ४ ते ५ सेंटिमीटरचा स्कॅन पुरतो. पूर्ण जबड्याचा स्कॅन काढला तर किरण जास्त लागतात, आणि मोठ्या क्षेत्राच्या स्कॅनमध्ये घनही सहसा मोठे, म्हणजे बारकावे कमी.

रेडिएशनचं काय?

हा प्रश्न हमखास येतो. शरीराला मिळणारा डोस मायक्रोसिव्हर्टमध्ये मोजतात. काहीही न करता, निव्वळ जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणाऱ्या किरणांमुळे माणसाला जगभराच्या सरासरीनं वर्षाला सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या आसपास.

एका दाताच्या एक्स-रेचा डोस साधारण १० मायक्रोसिव्हर्टच्या आत असतो; एक-दोन दिवसांचा नैसर्गिक डोस. छोट्या क्षेत्राच्या सीबीसीटीचा डोस मशीन आणि सेटिंगप्रमाणे खूप बदलतो. बऱ्याचदा तो दोन आकडी असतो, पण तीन आकड्यांत जाणारी मशीनंही आहेत. डोक्याच्या हॉस्पिटलमधल्या सीटीला सुमारे २,००० लागतात. थोडक्यात, सीबीसीटी भयंकर नाही आणि फुकटही नाही. मुलांच्या बाबतीत हात आणखी आखडता घ्यावा, कारण वाढत्या शरीरावर किरणांचा परिणाम जास्त आणि पुढचं आयुष्यही लांब.

"सगळ्यांचाच थेट थ्रीडी काढा की, शंका नको" असंही काही पेशंट म्हणतात. युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं याच्या स्पष्ट विरोधात आहेत: आधी तोंड तपासा, साधा फोटो बघा, आणि उत्तरानं उपचार बदलणार असेल तरच सीबीसीटी. शिवाय तो सगळ्यात चांगला फोटो असतोच असं नाही. निव्वळ बारकाव्यात आरव्हीजी त्याच्या पुढे आहे. शेजारी धातूची कॅप, खिळा किंवा जुन्या रूट कॅनॉलचं भरण असेल तर सीबीसीटीत काळे-पांढरे पट्टे उमटतात, आणि त्यातला काळा पट्टा हुबेहूब रिसॉर्प्शनसारखा दिसू शकतो. पेशंट किंचित हलला तरी सगळं दुहेरी दिसतं.

आपल्याकडे एक्स-रेची मशीनं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीत येतात. मंडळाचं मुख्यालय मुंबईत, अणुशक्तीनगरला. दंत दवाखान्यातल्या मशीनलाही मंडळाची परवानगी लागते; स्कॅन काढणाऱ्या केंद्रात ती आहे का, हे बिनधास्त विचारा. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर आधी सांगा. शिशाचा ॲप्रन घातला नाही म्हणून मात्र भांडू नका. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी ॲप्रन आणि गळ्याची पट्टी नेहमी वापरायची गरज नाही असं सांगितलंय. आजच्या मशीनचा झोत नेमका असतो, आणि ॲप्रन मध्ये आला तर फोटो बिघडून पुन्हा काढावा लागतो.

कमिशनसाठी तर सांगत नाहीत ना?

सीबीसीटीला साध्या आरव्हीजीच्या कित्येक पट पैसे लागतात आणि स्कॅन बहुतेक वेळा बाहेरच्या केंद्रात होतो. त्यामुळे संशय येतो, आणि तो दर वेळी चुकीचाच असतो असं मी म्हणणार नाही. पारखायला एक प्रश्न पुरतो: "स्कॅनमध्ये अमुक दिसलं तर काय कराल, आणि तमुक दिसलं तर काय?" दोन उत्तरं वेगवेगळी आली तर स्कॅनला अर्थ आहे. दोन्ही वेळा एकच उपचार होणार असेल तर पैसे वाचवा. मूळ इतकं पोखरलंय की दात काढावाच लागणार हे साध्या फोटोतच दिसत असेल, तर थ्रीडी काढून त्याची खात्री करून घेण्यात काय हशील?

याउलट भोकाची शंका असेल तर स्कॅन टाळणं ही खोटी काटकसर. अर्धं रूट कॅनॉल झाल्यावर भोक सापडलं की वेळ, पैसा आणि कधी कधी दातही जातो.

निदान ठरल्यावर

आतला आजार, भिंत सलग, तर रूट कॅनॉल. दात उघडल्यावर सुरुवातीला बरंच रक्त येतं, कारण आतला मांसल भाग रक्तानं भरलेला असतो. तो निघाला की थांबतं. रक्त थांबतच नसेल तर भोकाची शंका घ्यायची. खरी पंचाईत आकाराची: नळी सरळ, सुई सरळ आणि खड्डा आडवा फुगलेला, त्याच्या कोपऱ्यांत सुई पोचत नाही. म्हणून सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण अल्ट्रासॉनिकच्या कंपनांनी ढवळत कोपरे धुवायचे, बऱ्याचदा मध्ये काही दिवस कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवायचं, आणि शेवटी गटापर्चा, म्हणजे नळी बुजवायचा रबरासारखा पदार्थ, गरम करून मऊ अवस्थेत दाबून भरायचा, म्हणजे तो खड्ड्याचा आकार घेतो. एरवीच्या गटापर्चाच्या थंड काड्या इथे पोकळी सोडतात.

भोक असेल तर तिथे एमटीए किंवा त्याच्या जातीचं सिमेंट वापरतात. एमटीए कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालं. त्यातला मुख्य घटक चक्क पोर्टलँड सिमेंट, म्हणजे बांधकामावरच्या सिमेंटचा शुद्ध भाऊ. एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड घालतात. ओलाव्यातही ते घट्ट होतं, आणि भोकाच्या जागी ओलावा तर असतोच. भोक हिरडीच्या कडेजवळ असेल तर तोंडातले जंतू पोचत राहतात आणि दात टिकण्याची आशा कमी होते; हाडात खोलवर असेल तर जास्त.

आणि भिंत कागदासारखी उरली असेल, किंवा मूळ तडकलेलं असेल, तर दात काढणं हाच सरळ सल्ला.

स्कॅन काढलाच तर

केंद्रातून बऱ्याचदा चकचकीत कागदावर छापलेले दहा-बारा काप देतात. ते दाखवायला ठीक, निदानाला अपुरे, कारण ते काप दुसऱ्या कुणीतरी निवडलेले असतात आणि नेमका हवा तो त्यात नसण्याची शक्यता असते. सीडी, पेनड्राइव्ह किंवा लिंकवर डायकॉम फाइल मागून घ्या. तो पूर्ण ठोकळा असतो आणि दुसऱ्या डॉक्टरांनाही तो स्वतः फिरवून बघता येतो. सोबत दंत-रेडिओलॉजिस्टचा लेखी रिपोर्ट घ्या. दंतवैद्यकात ही एमडीएसची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची, स्वतंत्र शाखा आहे, आणि ज्या दातासाठी स्कॅन काढला त्याच्या शेजारी दिसलेलं काही नजरेतून सुटू नये म्हणूनही रिपोर्ट लागतो.

जुने एक्स-रे फेकू नका, अगदी चार वर्षांपूर्वीचा मळलेला ओपीजीसुद्धा. डाग तेव्हाही होता का आणि तेवढाच होता का, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो. उपचारानंतर सहा महिन्यांनी, मग वर्षानं पुन्हा फोटो काढायला बोलावतील, तेव्हा साधा आरव्हीजीच सहसा पुरतो. तो आधीच्याच कोनातून काढलेला असला म्हणजे झालं, नाहीतर दोन फोटोंत दिसलेला फरक दाताचा की मशीनच्या कोनाचा, यावर पुन्हा वाद.